ओझरकरांचा काढा

३ जून १९९५

ही डायरी माझ्या मैत्रिणीनं, जयूनं दिली. सिमेंट कंपनीची आहे, जानेवारी ते मे कोरी पानं. "तुझी बडबड ऐकून माझे कान गेले, आता कागदाला सांग," म्हणाली.

बडबड होणारच. बावीस वर्षं उज्जैनच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये हेडफोन लावून बसले. याला त्याच्याशी जोडून दे, त्याला हिच्याशी. आता लोक स्वतःच नंबर फिरवतात, पलीकडे थेट घंटी वाजते, मधे बाई लागत नाही. मागच्या वर्षी मुदतीआधी रिटायर झाले. आणि गंमत बघा, ज्या एसटीडीनं माझी नोकरी खाल्ली त्याच एसटीडीच्या बूथमध्ये मी आता सकाळी नऊ ते एक बसते. बूथ जयूचा. फ्रीगंजमध्ये, पिवळी पाटी, काचेच्या दोन केबिनी, काउंटरवर एक फोन, आणि बिल छापणारं छोटं मशीन.

डायरीत स्वतःची ओळख लिहायची असते म्हणे. अहल्या सुपेकर, वय एक्कावन्न. हे जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ नाही. वरच्या मजल्यावर मी, खाली यांचे थोरले भाऊ, तात्या. लग्न केलं नाही, पोस्टातून रिटायर, आणि गावातल्या प्रत्येक वैद्याचं, डॉक्टरचं, होमिओपॅथचं गिऱ्हाईक. प्रकृती खणखणीत. मी केबल लावली त्यावरून आमचं वाजलं, तेव्हापासून कामापुरतं बोलतो. रोज दुपारी वर येऊन माझा पेपर मात्र घेऊन जातात.

१२ जून

आज बूथवर एक गृहस्थ आले. पंचावन्न-छप्पन्नचे, पांढरा झब्बा, सोनेरी काडीचा चष्मा. मराठीत बोलले, तेही आपल्यासारखं सब्जी-भाजी मिसळलेलं नाही, चोख. नाशिकचा नंबर लावला, पाच मिनिटं बोलले. "हो बाळ, जेवणाची आबाळ करू नकोस." आवाज असा की बावीस वर्षांत एवढा गोड आवाज माझ्या लाइनवर आला नव्हता.

बाहेर आले तर मशीननं बिलच छापलं नाही. म्हणजे फोन लागलाच नव्हता. पलीकडे नुसती घंटी वाजत होती आणि हे बोलत होते!

मुलगा फोन उचलत नाही, हे परक्या बाईसमोर कसं कबूल करणार? म्हटलं, "मशीन बिघडलंय, उद्या द्या."

१९ जून

आठवडाभर रोज येतात. रोज फोन लागत नाही, रोज बोलतात. काल तर हसलेसुद्धा, जणू पलीकडून कुणी विनोद केला. बिचारे.

नाव यज्ञेश्वर ओझरकर.

४ जुलै

ओझरकर टोपलीभर जांभळं घेऊन आले. बाकावर बसून तासभर बोललो. पत्नी टायफॉइडनं गेली, पाच वर्षांपूर्वी. नाशिककडे द्राक्षबाग आहे, ती मुलगा बघतो. महाकालाच्या पायाशी राहावं म्हणून इथं खोली घेतली.

माझी इतकी विचारपूस आजवर कुणी केली नव्हती. घर कुणाच्या नावावर, दीर किती दिवस राहणार, माहेरचं जवळपास कोण, शेजारी येऊन-जाऊन असतात का. माहेरचं कुणी उरलं नाही म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. पाणीच आलं असावं.

जयू म्हणाली, "अहल्ये, तुझी जीभ जांभळी झालीय आणि गाल लाल. एक काहीतरी पूस."

२३ जुलै

ओझरकरांबरोबर भैरवगढला गेले, कापडावर छापे मारताना बघायला. बावीस वर्षं याच गावात नोकरी केली आणि तिथं एकदाही गेले नव्हते. लाकडी ठसा रंगात बुडवतात, कापडावर ठेवतात, वरून मुठीचा एक ठोका. एका माणसाचा हात चुकत नव्हता. अर्धा तास बघत उभी राहिले. ओझरकरांनी माझ्या डोक्यावर छत्री धरली होती.

दुकानदार त्यांना बघून म्हणाला, "आइए भाईसाब! पिछली बार देवास वाली भाभीजी चादर ले गई थीं, रंग तो नहीं छूटा?"

ओझरकर शांतपणे म्हणाले, "आप किसी और को समझ रहे हैं।"

बाहेर आल्यावर म्हणाले, माझा चेहराच असा आहे, सगळ्यांना ओळखीचा वाटतो. खरंच आहे. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं.

परतताना पत्नीबद्दल बोलले. झोपेत हृदय बंद पडलं म्हणाले. मागे टायफॉइड म्हणाले होते. टायफॉइडमध्येच हृदय बंद पडलं असणार. दुःखात माणूस तपशील कुठं नीट सांगतो.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन टीव्हीवर बघून झालं आणि दार वाजलं. ओझरकर. सरळ म्हणाले, "अहल्याबाई, उरलेली वर्षं एकमेकांना सोबत करू या का?"

मी म्हटलं, "चहा टाकते."

चहा उतू गेला. दुसरा टाकला, तोही. तिसऱ्यांदा त्यांनीच केला.

उत्तर दिलेलं नाही.

१६ ऑगस्ट

हे असते तर काय म्हणाले असते, याचा विचार करत होते. ते नाहीत म्हणूनच हा प्रश्न आला, हे लक्षात येऊन एकटीच हसले. मग रडले. मग केबलवर सिनेमा बघितला.

एक्कावन्नाव्या वर्षी कुणी आपल्यासाठी केस विंचरून येतं, याची लाज वाटायला हवी का? मला वाटत नाही. हे फक्त इथं लिहिते.

२० ऑगस्ट

हो म्हटलं.

जयूनं मला मिठी मारली आणि नवा कॅमेरा काढला. तीन फोटो घेतले, तिन्ही वेळा ओझरकरांना नेमकी शिंक आली. तिन्ही फोटोंत माझ्याशेजारी एक रुमाल येणार.

तात्यांना सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला तो माणूस पसंत नाही."

"का?"

"तीनदा भेटला. एकदाही माझ्या पोटाबद्दल विचारलं नाही. असा माणूस भरोशाचा नसतो."



११ सप्टेंबर

लग्न दसऱ्यानंतर, रजिस्टर. त्याआधी दोघांनी एकमेकांच्या नावे मृत्युपत्र करावं, असं यज्ञेश्वररावांनी सुचवलं. (आता त्यांना राव म्हणते.) त्यांची द्राक्षबाग मला, माझा वरचा मजला त्यांना. "उद्या मला काही झालं तर तुम्ही उघड्यावर पडू नये," म्हणाले. स्वतःच्या मरणाचा विचार किती सहज करतात!

वकील म्हणाले, "बाईसाब, पितृपक्ष में?" यज्ञेश्वरराव हसले. ते नव्या विचारांचे आहेत.

१३ सप्टेंबर

यज्ञेश्वररावांनी स्वतः उकळून काढा आणला. निळ्या बाटलीत. ज्येष्ठमध, आलं, आणखी पाच-सात गोष्टी. सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा. लग्नाआधी बाईनं अंगात ताकद भरून घ्यावी म्हणे.

चव म्हणाल तर गंजका खिळा चोखल्यासारखी.

१६ सप्टेंबर

तीन दिवस सहा चमचे घेतले. पोट बिघडलं. कचोरी बाधली असावी, पण काढाही पुढे घेववत नाही. बाटली ओट्यावर मागे सरकवून ठेवली. त्यांना सांगायचं धाडस होत नाही. एवढ्या प्रेमानं केलाय.

१८ सप्टेंबर

आश्चर्य. मी घेत नाही तरी बाटलीतला काढा कमी होतोय. गॅसजवळ ठेवल्यामुळे उडत असावा.

यज्ञेश्वररावांनी बाटली बघितली आणि खूश झाले. मग माझी नाडी धरून बराच वेळ बसले.

"थकवा? हातापायाला मुंग्या? काहीच होत नाही?"

"छे. घोड्यासारखी आहे मी."

चेहरा पडला बिचाऱ्यांचा. म्हणाले, आता जरा कडक करून आणतो.

२१ सप्टेंबर

आजचा दिवस विसरणार नाही. गणपती दूध पितोय! सकाळी जयूचा फोन, मग शेजारी, मग सगळं गाव. बूथवर तर झुंबड, प्रत्येकाला कुणाला ना कुणाला फोन करून "तुमचा पितोय का?" विचारायचं होतं. नऊ ते एक मशीन थांबलं नाही. दुपारी मीही वाटी-चमचा घेऊन रांगेत उभी राहिले. दीड तासानं चमचा सोंडेला लावला. दूध गेलं. कुठं गेलं ते देव जाणे, पण गेलं.

घरी आले तर तात्या माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर. उलट्या, पोटात मुरडा, हात गार. रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. तिथं आणखी चार जण पोट धरून बसलेले. डॉक्टर म्हणाले, "आज सारे शहर ने दूध पिया है, माताजी, भगवान ने कम और भक्तों ने ज़्यादा।" दुधानंच झालं असावं.

पण तात्या माझ्या स्वयंपाकघरात काय करत होते? पेपर तर बाहेरच्या खोलीत असतो.

२३ सप्टेंबर

चोर सापडला!

तात्यांना आज बोलता आलं. पहिलं वाक्य, "तुझा काढा जरा जास्त झाला बहुतेक." चौदा तारखेपासून रोज पेपर न्यायला आले की दोन-दोन चमचे घेत होते. एवढं उंची औषध एकटी पितेस आणि घरातल्या आजारी माणसाला विचारत नाहीस, असं वर मलाच सुनावलं. परवा नवी बाटली आली तर तिचा जोर बघायला चार चमचे घेतले.

मी इतकी चिडले की तशीच निघून आले.

यज्ञेश्वररावांना हसत हसत सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. डॉक्टर काय म्हणतात, विचारलं. दुधाचं म्हणतात, म्हटल्यावर जरा सैल झाले. तरी म्हणाले, "बाटली द्या. पावसाळ्यात काढा नासतो. तुम्हाला त्रास नको." आल्या पावली बाटली घेऊन गेले. एवढी काळजी करणारा माणूस मिळायला भाग्य लागतं.

२६ सप्टेंबर

आज लग्नाची आमंत्रणं. मला बोलवायचं कुणाला? माझ्या लाइनवरच्या मैत्रिणी. पहिला फोन खांडव्याच्या शोभाला. अठरा वर्षं आम्ही "खांडवा, बोला", "उज्जैन, बोला" करत आलो. एकमेकींना बघितलेलं नाही, पण तिला सर्दी झाली की आधी मला कळायचं. तिची मोठी बहीण कल्पना तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हा दोन्ही एक्सचेंजांची लाइन मोकळी ठेवून मी तिला रडू दिलं होतं.

शोभा आनंदानं ओरडलीच. "सांग, सांग, कसे आहेत?"

मी सांगत सुटले. चोख मराठी, सोनेरी चष्मा, फोटोत शिंका, एकेक जांभूळ पुसून देतात, स्वतः काढा उकळतात.

शोभानं मला मधेच थांबवलं.

"काढा कशात आणतात?"

"निळ्या बाटलीत. का गं?"

"मृत्युपत्र केलंस?"

मी सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं?

"अहल्या, माझे भाऊजी. कल्पनाताईशी ब्याण्णव साली लग्न केलं ते. रमेश देवधर. तेही ताईला काढा द्यायचे. पाच महिन्यांत गेली ती. शेवटी तिला हाताची बोटं वळत नव्हती. भाऊजी घर विकून गेले, दुःख सोसवत नाही म्हणाले. त्यांचा एक फोटो नाही आमच्याकडे. प्रत्येक फोटोत तोंडावर रुमाल."

मी म्हटलं, "गावात काय एकच माणूस शिंकतो?" आणि फोन ठेवला.

२७ सप्टेंबर

आज काही लिहायचं नाही. शोभाला माझं चांगलं बघवत नाही.

२८ सप्टेंबर

लिहिते.

काल दिवसभर शोभाशी मनात भांडले. आज सकाळी हॉस्पिटलात गेले, तात्यांच्या पलंगाशी बसले आणि विचारलं, "तुमच्या हातांना मुंग्या येतात का?"

"येतात. अगं, पहिल्यांदा कुणी नीट विचारलं!"

मी डॉक्टरांना गाठलं, काढ्याचं सांगितलं. ते म्हणाले, थोडा तरी मिळाला असता तर तपासला असता. मी म्हटलं, बाटली गेली. तेव्हा तात्यांनी पांघरुणातून हात वर केला.

"माझ्याकडे आहे."

दुसऱ्या बाटलीतला अर्धा त्यांनी आपल्या कफ सिरपच्या बाटलीत भरून ठेवला होता. हिवाळ्यासाठी.

जयूनं ती बाटली आणली, डॉक्टरांनी ती ओळखीच्या केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांकडे पाठवली. चार वाजता उत्तर आलं. सोमल. इकडे त्याला संखिया म्हणतात. उंदीर मारायचा.

जयू मला धरून बसली होती. मला पहिला विचार काय आला, तो इथं लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मला वाटलं, मग जांभळं कशाला पुसून दिली?

२९ सप्टेंबर

ठाण्यात गेलो. इन्स्पेक्टर ठाकूर चांगला माणूस, पण त्याची अडचण खरी. काढा तात्यांच्या बाटलीत, तो ओझरकरांनीच दिला हे सांगणारी मी एकटी. खांडव्याचा देवधर तो हाच, हे कशावरून? फोटो नाही. "कोई पहचानने वाला चाहिए, बहनजी। और उसके कान में बात पड़ी तो आज ही निकल लेगा।"

शोभाला रजा काढून यायला दोन-तीन दिवस लागले असते. मी म्हटलं, बघायची गरज नाही. शोभानं चोवीस वर्षं लोकांना आवाजावरून ओळखलंय. तिला आवाज ऐकवू या, ओळख पटली की धरून ठेवा, मग ती येऊन समोर बघेल.

शोभाला फोन केला. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "ते नंतर. किती वाजता?"

३० सप्टेंबर

अकरा वाजता यज्ञेश्वररावांना बूथवर बोलावलं. पुण्याची माझी एक जुनी मैत्रीण अभिनंदन करणार आहे, असं सांगितलं. झब्बा परीटघडीचा. मला बघून हसले. मीही हसले. कसं जमलं माहीत नाही.

एका केबिनमध्ये साध्या कपड्यांत ठाकूर, फोनवर बोलण्याचं नाटक करत. रिसीव्हर उलटा धरलेला. जयूनं काचेवर टकटक करून सरळ करायला लावला.

घंटी वाजली. दुसऱ्या केबिनमध्ये यज्ञेश्वररावांनी उचलला, काउंटरवरचा जोडफोन मी उचलला.

शोभा अस्सल पुणेरी सुरात म्हणाली, "नमस्कार! आमची ताई फार साधी आहे हो. सांभाळाल ना?"

"साधीच माणसं लाखमोलाची असतात. पापण्यांवर ठेवीन." तोच आवाज, मधासारखा.

"नुसतं म्हणता की खरंच?"

"एकदा आमच्या हातचा काढा पिऊन बघा, म्हणजे कळेल." आणि हसले.

पलीकडे श्वास ऐकू आला. अठरा वर्षं ऐकलेला श्वास. मग शोभा आपल्या खऱ्या आवाजात म्हणाली, "कल्पनाताईलाही पापण्यांवरच ठेवलं होतंत, भाऊजी."

आणि तिनं फोन ठेवला. नंतर म्हणाली, पुढे उभं राहवेना.

माझ्या कानात नुसता टोन घुमत होता. केबिनमध्ये यज्ञेश्वररावांनी रिसीव्हर कानाशीच धरून ठेवला. मग काचेतून माझ्याकडे बघून हसले आणि बोलू लागले. "हो हो, दिवाळीला नक्की या. अहो, घर तुमचंच आहे." मेलेल्या लाइनवर. हातवारे करत, मान डोलवत, जूनमध्ये मुलाशी बोलायचे तस्संच. मुलगा नव्हताच, हे मला तेव्हा, त्या काचेतून बघताना कळलं.

मी ठाकूरकडे बघून मान हलवली.

बाहेर आल्यावर ठाकूरनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "हुशार निघालात."

इतक्या दिवसांत माझं केलेलं एवढंच कौतुक खरं असावं.

३ ऑक्टोबर, दसरा

ठाकूर येऊन गेले. शोभानं ठाण्यात समोरासमोर ओळखलं. ती रात्रीच्याच गाडीनं परत गेली, भेट झाली नाही. भैरवगढच्या दुकानदारानंही ओळखलं.

खोलीत चार नावांचे कागद मिळाले. देवास, रतलाम, खांडवा, आणि मी. आधीच्या तिघीही विधवा. तिघींना पोटाचा आजार झाला, तिघींचा नवरा स्मशानात धाय मोकलून रडला. खरं नाव अजून कळलेलं नाही, कुठंतरी दवाखान्यात कंपाउंडर होता म्हणे. नाशिकचा तो नंबर बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीचा निघाला.

मोहल्ल्यातल्या बायका सांत्वनाला येतात आणि विचारतात, "पर दिखने में कैसा था?"

मी खरं सांगते. देखणा होता.

१४ ऑक्टोबर

अकरा वाजले की अजून दाराकडे बघते. जयूला हे सांगितलं तर तिला वाटेल डोकं फिरलं. ज्यानं विष दिलं त्याची आठवण नाही येत. ज्यानं छत्री धरली त्याची येते. ते दोघं एकच होते, हे डोक्याला कळतं, पण अकरा वाजता कळत नाही.

२३ ऑक्टोबर, दिवाळी

तात्या घरी आले. पायांत जोर नाही, तोंडात पुष्कळ आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मी चोरून प्यायलो म्हणून ही वाचली." मी फराळाचं ताट नेलं तर चकली हातात धरून बसले.

"आधी तू खा."

मी खाल्ली. म्हणाले, "अर्धा तास थांबू."

थांबलो. अर्धा तास काय करायचं, म्हणून त्यांना धरून धरून वर आणलं आणि केबल लावली. रात्रीच्या जेवणापर्यंत हलले नाहीत. कुस्ती बघत होते, अमेरिकेतली. खोटी असते म्हटलं तर रागावले.

१९ नोव्हेंबर

शोभा आली, चार दिवस राहायला. देवास गेटच्या बसस्टँडवर घ्यायला गेले. ही गर्दी, आणि मी तिला कधी बघितलेलं नाही. शेवटी मोठ्यानं हाक दिली, "खांडवा, बोला!"

मागून, अगदी माझ्या पाठीशी, "उज्जैन, बोला!"

मी तिला उंच समजत होते. माझ्या खांद्याला लागते.

तिनं कल्पनाताईचा फोटो आणला होता. शाळेच्या गॅदरिंगमधला, हातात शिट्टी, गाल फुगलेले. शिट्टीतून आवाज निघत नसताना कुणीतरी टिपलाय. आम्ही दोघी त्या फोटोला हसलो, आणि मग बराच वेळ हसलो नाही.

१८ फेब्रुवारी १९९७

सव्वा वर्षात या डायरीत काही लिहिलं नाही. आज लिहायलाच हवं. कोर्टात साक्ष झाली.

एका बाजूला जयू, एका बाजूला शोभा, मागे काठी घेऊन तात्या. त्याच्या वकिलानं तासभर फाडून खाल्लं. "आप अकेली थीं। इस उम्र में शादी के लिए आप ही उतावली थीं, यह सही है?"

मागे कुणीतरी हसलं. जयू उठायला लागली, शोभानं तिला खाली ओढलं.

मी म्हटलं, "जी हाँ, उतावली थी। शादी के लिए उतावला होना कौन सी धारा में आता है?"

आता हसले ते दुसऱ्या बाजूनं. जज्जसाहेबांनीही कागद चेहऱ्यासमोर धरला.

मग कुणी विचारलं नसतानाही मी सांगितलं, की देवासची, रतलामची आणि खांडव्याची, तिघीही अशाच उतावळ्या होत्या, आणि आज त्या इथं येऊन हे सांगू शकत नाहीत, म्हणून चौघींच्या वतीनं मीच कबूल करते. वकील बसले.

साक्ष संपवून उतरत होते तेव्हा त्याला दोन शिपाई घेऊन निघाले. पांढरा झब्बा, तोच चष्मा, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. माझ्यासमोर आला तसा थांबला, मान किंचित झुकवली आणि त्या आवाजात, अगदी त्याच आवाजात विचारलं, "तब्येत कशी आहे, अहल्याबाई?"

आणि सवयीनं, तोंडातून निघून गेलं, "बरी आहे."

स्वतःचाच राग आला. त्याला उत्तर? त्याला? मग लक्षात आलं, की हा प्रश्न त्यानं प्रत्येकीला विचारला असेल, आणि त्याला हे उत्तर देऊ शकणारी मी एकटीच उरलेय.

म्हणून पुन्हा म्हटलं. सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"बरी आहे. मी अगदी बरी आहे."